थंड नजरेचा नवरदेव

कराडात हेरंब पाटणकरला लहानथोर सगळे ओळखत, ते त्याच्या थंड डोळ्यांमुळे. थंड म्हणजे निर्दय नव्हेत हं. माणूस मोठा गोड, शेजारच्या मांजरीलाही अहोजाहो करणारा. पण त्याच्यासमोर जगातली कितीही सुंदर वस्तू आणून ठेवा, त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या तसूभर हलत नसत. या एका गुणावर त्याचं पोट चालत होतं, आणि अर्ध्या गावाचे फ्रीज, मिक्सर नि दिवाळीचे कपडे स्वस्तात घरी येत होते.

हे कसं, ते कळायला 'लखलखाट'ची गोष्ट सांगायला हवी. 'लखलखाट' हा ऑनलाइन बाजार. फ्लॅश सेल हा प्रकार तसा जुनाच. वर उलटं पळणारं लाल घड्याळ, खोडलेली मोठी किंमत, तिच्याशेजारी हसरी छोटी किंमत आणि खाली 'फक्त दोनच उरले' ही धमकी. आपल्या आईवडिलांनी त्या घड्याळाच्या धाकाने घेतलेले ज्यूसर अजून माळ्यावर खोक्यात बसून आहेत. 'लखलखाट'ने त्यात एकच भर घातली. भाव ठरवण्याचं काम त्यांनी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर सोपवलं.

डोळ्यातल्या काळ्या बाहुलीभोवती दोन स्नायू असतात. एक तिला आकसवतो, दुसरा ताणून मोठी करतो. उजेड वाढला की ती बारीक होते, एवढं शाळेत शिकवतात. पण उजेड तोच असताना समोर मनापासून आवडणारं काही आलं, भीती वाटली किंवा डोक्याला ताण पडला, तरी बाहुली मोठी होते. हे काम ज्या मज्जासंस्थेकडे आहे ती आपली परवानगी मागत नाही. छाती धडधडते, घाम फुटतो, त्यातलंच हे. तोंडाने 'छे, काही खास नाही' म्हणता येतं, पण बाहुली ते ऐकत नाही.

प्रयोगशाळांना हे कधीपासून ठाऊक होतं. नवा होता तो भिंतीवरच्या पडद्यातला कॅमेरा. सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या बाहुलीतला केसाएवढा फरक तो टिपायचा, त्यातून खोलीतल्या उजेडाचा परिणाम वजा करायचा, आणि जे उरलं ती हाव, असं धरून त्याच क्षणी भाव लावायचा. जितकी बाहुली मोठी, तितका भाव चढा. लोक त्याला नजरभाव म्हणू लागले. बराच आरडाओरडा झाल्यावर कायद्याने एवढंच केलं की झाकलेले डोळे मोजायचे नाहीत. मात्र सेल उघडायला खोलीतलं निदान एक गिऱ्हाईक उघड्या डोळ्यांनी पडद्यासमोर हवं.

मग काय, घराघरांतून 'वा!' हा शब्द हद्दपार झाला. पडदा दिवसभर चालू, कोणता सेल कधी उघडेल याचा नेम नाही, म्हणून माणसं आपल्याच घरात तोंड पाडून वावरू लागली. पुरणपोळीचा घास घेऊन नवरे खिडकीबाहेर बघायचे. पोरांनी चित्र काढून आणलं की आया 'बरं आहे' म्हणायच्या. पैसे वाचत होते खरे, पण अशा घरात जेवायला बसलं की डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखं वाटायचं.

हेरंबचा 'थंड नजर खरेदी वर्ग' पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर भरत असे. तिथे त्याचं म्हणणं साधं असायचं.

"सेल उघडायच्या आधी घरात बसून ठरवा, काय हवंय आणि किती द्यायची तयारी आहे. गावातल्या दुकानात जाऊन खरा भाव विचारून या. ती खोडलेली किंमत आजवर कुणी दिलेली नाही, तिच्याकडे बघायचंच नाही. घड्याळ संपलं तर संपू दे, उद्या पुन्हा लावतात ते. वस्तू परत घेतात का, हे आधी वाचा. एवढं सगळं झालं, की मग डोळे."

डोळ्यांपाशी मात्र भल्याभल्यांची दांडी उडायची. एकदा पल्लवी जगदाळे नावाच्या बाई वर्गातल्या पडद्यावर ओव्हन बघायला उभ्या राहिल्या, आणि बघता बघता ओव्हनचा भाव दुपटीवर गेला.

"अहो, पण मी तर ओव्हनचा विचारच करत नव्हते!" पल्लवीताई रडकुंडीला आल्या. "मनात एकोणतीसचा पाढा म्हणत होते. तुम्हीच म्हणालात, मन दुसरीकडे लावा."

"पाढा येतो का तुम्हाला एकोणतीसचा?"

"कुठला येतोय! एकोणतीस सातीला अडकले."

"तेच झालं. डोकं ताणलं तरी बाहुली मोठी होते की, ताई. यंत्राला वाटलं, बाई ओव्हनसाठी वेडी झाली."

वर्ग खो खो हसला. हेरंबचा स्वतःचा उपाय होता दुधीभोपळ्याची बिनमिठाची भाजी. समोर काहीही मोहक आलं की तो मनातल्या मनात ती भाजी ताटात वाढून घ्यायचा, पचपचीत, कोमट, आणि एक घास खायचा. वर्षानुवर्षं हे केल्यामुळे आता त्याला काही करावंच लागत नसे. काही आवडायची नुसती चाहूल लागली की दुधी आपोआप ताटात हजर व्हायचा.

पुढच्याच आठवड्यात पल्लवीताई आपल्या भाचीला घेऊन आल्या. शाल्मली जगदाळे जनावरांची डॉक्टर होती. तिला गोठ्यात नेता येईल असं सोनोग्राफीचं यंत्र हवं होतं, आणि त्याच्यावर सेल लागला की तिच्या बाहुल्या ताटलीएवढ्या व्हायच्या. हेरंबने ते यंत्र तिला इतक्या स्वस्तात घेऊन दिलं की तिने आनंदाने त्याचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. तिच्या अंगाला फिनेलचा वास होता, हसताना तिचा एक डोळा मिटत होता. हेरंबला ती आवडायची चाहूल लागली, आणि लगेच ताटात दुधी येऊन बसला.

तरी गाडी पुढे गेली, कारण शाल्मली कशाचीही वाट बघणारी नव्हती. लग्नाचं तिनेच विचारलं. तो म्हणाला, "चालेल की." तेव्हा ती पोट धरून हसली होती. साखरपुडा झाला, दिवस जाऊ लागले, आणि तेच उत्तर तिला टोचायला लागलं.

एका संध्याकाळी कृष्णा-कोयनेच्या संगमावर दोघं भेळ खात बसले होते. शाल्मलीने भेळेचा कागद बाकावर ठेवला आणि त्याच्याकडे वळून बसली.

"हेरंब, मी गाईच्या डोळ्यांत बघून सांगते तिला काय होतंय. म्हशीचं सांगते. परवा एका तापट घोड्याचंसुद्धा ओळखलं. तुझ्या डोळ्यांत मला काहीच दिसत नाही रे."

"मला तू आवडतेस. सांगितलं की मी."

"सांगितलंस. पण ज्या तोंडाने सांगितलंस ना, त्याच तोंडाने कुकरची शिट्टी चांगली आहे म्हणून सांगत होतास."

हेरंबच्या आत सगळं भरून आलं होतं, आणि वर दुधी होता.

"मी आयुष्यभर अंदाजावर नाही राहणार," ती म्हणाली. "बस्ता बांधला की लग्न पक्कं समजतात. तोवर मला एकदा, एकदाच, दिसू दे. नाही दिसलं तर मी बस्त्यातून उठून जाईन. रागाने नाही, पण जाईन."

त्या दिवसापासून हेरंबने काय काय करून पाहिलं! आरशासमोर उभा राहून तिचा फोटो धरला. बाहुल्या ढिम्म. तिचा आवाज लावून ऐकला. तिने दिलेला शर्ट घातला. जो माणूस गावाला डोळे गोठवायला शिकवत होता, त्याला स्वतःचे डोळे वितळवता येईनात. त्याला खरोखर भीती वाटायला लागली. भीतीनेही बाहुली मोठी होते म्हणून तो आशेने आरशात बघायला गेला, तर तिथेही दुधी आडवा आला.

बस्त्याचा दिवस ठरवला हेरंबच्या आईने, म्हणजे स्वप्नालीताईंनी. लग्नाचे कपडे दोन्ही घरांनी एका गादीवर बसून, चहा पीत, एकमेकांच्या पसंतीला नाकं मुरडत घ्यायचे, ही आपली रीत. स्वप्नालीताईंनी रीत सोडली नाही, फक्त दुकान सोडलं. 'लखलखाट'वर लग्नसराईचा सेल होता आणि त्यात एक डाळिंबी शालू त्यांच्या मनात भरला होता. तसाच शालू त्यांनी गावात तीन दुकानांत पाहून भाव विचारून ठेवला होता. मुलाचे वर्ग आईनेच सगळ्यात मन लावून केले होते.

नवरीचा शालू वरपक्षाने घ्यायचा, तेव्हा उघडे डोळे हेरंबचे असणार हे ओघानेच आलं. घरचा कार्यक्रम म्हणून बाकी कुणाला येऊ नका म्हणायची सोय नव्हती. दोन्हीकडची मिळून मोठी पंगत जमली. दारातच स्वप्नालीताई काळ्या चष्म्यांची टोपली घेऊन उभ्या होत्या. आत येणाऱ्याच्या कपाळाला गंध आणि डोळ्यांना चष्मा. हेरंबचे मंगेशमामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा स्वतःचा चष्मा घेऊन आले होते. दिवाणखान्यात गाद्या घातल्या होत्या, तक्के लावले होते, आणि सगळे काळ्या चष्म्यांत ओळीने बसून बशीतला चहा शर्टावर सांडत होते.

"नवरी कुठाय?" मंगेशमामांनी विचारलं, पण तोंड चुकून शोकेसकडे करून.

"येतेय," पल्लवीताई, म्हणजे नवरीच्या पल्लवीआत्या, म्हणाल्या. "सैदापूरला गाय अडलीय. फोन उचलत नाही."

हेरंबने दाराकडे पाहिलं. ती येणारच नाही, असंही असू शकत होतं. पडद्यावर शालू आला, लाल घड्याळ पळायला लागलं, आणि भाव गावातल्या भावाच्या पुष्कळ खाली उतरून थांबला. खोलीत समाधानाची कुजबुज झाली. पण शालूबरोबर ब्लाउज शिवून येणार होता, आणि त्याच्या मापासाठी नवरीने पडद्यासमोर उभं राहिल्याशिवाय ऑर्डर पुढे सरकत नव्हती.

अर्धं घड्याळ संपलं तेव्हा अंगणात स्कूटर कचकन थांबली.

"जुळी झाली!" दारातूनच आरोळी आली. "दोन्ही कालवडी! दोघीही उभ्या राहिल्यात, आत्या! धाकटी तर आईला सोडून मलाच चाटत होती!"

"आगं, हात धुतलेस का?"

"कोपरापर्यंत!"

स्वप्नालीताईंनी तिच्या डोळ्यांवर चष्मा चढवला आणि खांद्याला धरून तिला थेट पडद्यासमोर नेऊन उभं केलं. पडदा आता आरसा झाला. यंत्राने क्षणभर तिला न्याहाळलं, मापं घेतली आणि तिच्या प्रतिमेवर तो डाळिंबी शालू चापूनचोपून नेसवला. निऱ्या, पदर, जरीचे काठ, सगळं जागच्या जागी. पण यंत्राला शालू नेसवायला सांगितलं होतं, बाकीचं कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे निऱ्यांखाली शेण माखलेले गमबूट तसेच राहिले. केसांत कडब्याची काडी राहिली. गालावर कसलासा पुसट ओघळ, डोळ्यांवर काळा चष्मा आणि चेहऱ्यावर दोन कालवडींचा आनंद.

हेरंब शालूसाठी तयारीत होता. नव्या, झगमगीत, महागड्या गोष्टीसाठी त्याच्या मनात ताट मांडलेलं होतंच. पण गमबुटांसाठी कुणी तयारी केलेली नव्हती. दुधी निघाला असेलही, पण तो पोचायच्या आत हेरंब पूर्ण पाहून चुकला होता. ही बाई अशीच, धावत, वासराने चाटलेली, आपल्या घरात येणार. रोज येणार.

पडद्यावरचा भाव टुणकन उडाला.

"अरे!" कुणीतरी ओरडलं.

भाव पुन्हा उडाला. गावातल्या दुकानाचा भाव मागे पडला. खालचा आकडा वाचता येईपर्यंत वर नवा आकडा येत होता.

"हेरंब!" स्वप्नालीताई किंचाळल्या. "अरे, दुधी! दुधी आठव!"

"आठवत नाहीये, आई."

"मग शालूकडे बघू नकोस!"

"मी शालूकडे बघतच नाहीये," हेरंब म्हणाला.

काळे चष्मे एकमेकांकडे वळले. यंत्राचं काही चुकलेलं नव्हतं. या माणसाला काहीतरी जिवापाड हवं आहे, हे त्याने अचूक ओळखलं होतं. काय हवं आहे, हे ओळखायची सोय त्यात नव्हती, म्हणून ते बिचारं शालूचीच किंमत वाढवत सुटलं होतं.

शाल्मली सावकाश मागे वळली. तिने चष्मा काढून गादीवर टाकला, गमबुटांचा फच्चक फच्चक आवाज करत ती त्याच्यासमोर आली, आणि वासराची धरावी तशी त्याची हनुवटी धरून त्याचा चेहरा उजेडाकडे वळवला. आधी उजवा डोळा पाहिला, मग डावा. एवढ्या उजेडातही बाहुल्या मोठ्ठ्या होत्या, काळ्याभोर, आणि त्यांत ती स्वतः उभी होती.

"केव्हापासून?" तिने विचारलं.

"सोनोग्राफीच्या यंत्रापासून. तू माझे हात हलवलेस ना, तेव्हापासून." बोलताना त्याचे डोळे वाहत होते आणि त्याला हसूही येत होतं. "शाल्मली, तू मला फार आवडतेस गं. फार म्हणजे फार. मला ते बाहेरच काढता येत नव्हतं."

"कळलं," ती म्हणाली.

आता तिचे डोळे उघडे होते आणि कॅमेऱ्याला तेही दिसत होते. भाव आढ्याला लागला. तेवढ्यात पल्लवीआत्यांना राहवलं नाही. पोराचा चेहरा नीट बघायला म्हणून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, आणि भाव वाढला. मग एका काकूंनी काढला, मग त्यांच्या शेजारच्यांनी. एकेक चष्मा उतरत होता आणि त्या शालूची किंमत वाढत होती. शालूकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"एवढ्यात नवा ट्रॅक्टर येतो!" मंगेशमामा डोळे पुसत ओरडले. ऑपरेशनचा चष्मा त्यांनी खिशात घातला, आणि भाव ट्रॅक्टरच्याही पुढे गेला.

शेवटी उरल्या स्वप्नालीताई. त्या घड्याळाकडे बघत होत्या, आकड्याकडे बघत होत्या, कपाळाला हात लावत होत्या. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. किती वर्षांत त्याचा चेहरा असा उघडा पाहिला नव्हता, हे त्यांच्या एकदम ध्यानात आलं. त्यांनी चष्मा काढला.

"मेलं ते घड्याळ," त्या म्हणाल्या आणि हुंदका देऊन हसायला लागल्या.

घड्याळ शून्यावर आलं. 'आपण ही सुवर्णसंधी गमावली आहे,' असं पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटलं, आणि सगळा दिवाणखाना टाळ्या वाजवून हसला. कुणीतरी उठून पडदा बंद केला. पल्लवीआत्या लाडू घेऊन आल्या. पहिला लाडू खाऊन मंगेशमामा मोठ्याने "वा!" म्हणाले, आणि म्हटल्यावर स्वतःच दचकले.

"पण बस्त्याचं काय?" पल्लवीआत्यांना आठवलं. "शालू राहिलाच की!"

"दुकानं उघडीच आहेत अजून," शाल्मली म्हणाली. "सगळेच जाऊ या. सासूबाईंनी भाव विचारून ठेवलाय, त्याच्या वर आपण एक पैसा द्यायचा नाही."

"मी येऊ का?" हेरंबने जरा घाबरतच विचारलं. "माझे डोळे आता असेच राहतील असं वाटतंय. दुकानदार माझ्याकडे बघूनच भाव वाढवेल."

शाल्मलीने केसातली कडब्याची काडी काढून त्याच्या खिशात खोचली आणि त्याचा हात धरला.

"भाव मी करीन," ती म्हणाली. "तू नुसता बघत राहा."